उलट्या बाजूला झिजलेला चमचा

आधी तो मोबाइल उलटा ठेव. हसताय काय? ही ऐकीव गोष्ट नाही, माझ्या मित्राच्या घरात घडलेली आहे. आणि त्या बाबाला धड थापही मारता यायची नाही.

लिलावघरात जुनी चांदी उजळायचं काम होतं त्याचं. एकदा इंग्लिश चांदीच्या जुन्या चमच्यांचा संच आला. पिढ्यान्‌पिढ्या वाट्या खरवडून टोकं झिजलेली. सगळ्या चमच्यांची डावी कड झिजलेली, एकाची मात्र उजवी. उजव्या हातानं खरवडलं की डावी कड झिजते, म्हणजे हा कुणा डावखुऱ्याचा. त्या धंद्यात एक रीत आहे. मळ काढायचा, झीज काढायची नाही. झीज म्हणजे खाणाऱ्याचा हात. पण लिलाववाला हटून बसला, "एकटाच वेगळा दिसतोय. सारखा करून आण. उद्या सकाळी लिलाव आहे."

मित्राचं लक्ष घराकडे होतं. आई नसलेली सहा वर्षांची लेक तापातून उठली होती, पण अन्नाला शिवत नव्हती. पोटात काही गेलं नाही तर अवघड आहे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वाद न घालता त्यानं चमचा खिशात टाकला.

मार्चमधला शेवटचा मंगळवार होता तो. लेकीनं सुपाची वाटी तशीच बाजूला सारली. "दोन घास तरी घे ग," म्हणत बाप रडकुंडीला आला. ती झोपल्यावर त्याच टेबलावर बसून त्यानं कानशीनं चमच्याचं टोक घासलं. झीज गेली. चमचा वाटीजवळ ठेवला आणि दिवा मालवला.

रात्री पाऊणच्या सुमारास त्याला जाग आली. स्वयंपाकघरातून आवाज येत होता.

खर्र... खर्र...

शेजारी लेक नव्हती.

तो उठला. दारात थबकला. अंधारात पोर टेबलाशी बसली होती. वाटी रिकामी. ती तळ खरवडत होती.

डाव्या हातानं.

"बाळा..."

"थांबा ना बाबा. ती म्हणते, सगळं संपवायचं."

"कोण ती?"

पोरीनं समोर पाहिलं. समोरची खुर्ची बाहेर ओढलेली होती. तो पाऊलभर मागे सरला. पण लेक जेवली होती रे... त्यानं रिकाम्या खुर्चीला हात जोडले.

दिवा लावला. चमचा पाहिला.

उजवी कड... पुन्हा झिजलेली.

सकाळी त्यानं तो तसाच लिलाववाल्यापुढे ठेवला. "माझ्यानं होणार नाही," एवढंच म्हणाला. संच विकला गेला. कुठे गेला, कुणास ठाऊक.

पोरगी? ठणठणीत झाली. मोठी झाली. मीच तिला सून करून घरात आणली. हो, तुमची काकू. लिहिते उजव्या हातानं, भाजी चिरते उजव्या हातानं.

मघाशी तुमच्यासोबत जेवत होती ना ती...

चमचा कुठल्या हातात होता?