तेविसाव्या मशीनची नक्कल

हे खरं घडलेलं आहे. माझ्या सख्ख्या वहिनीच्या बाबतीत. आणि रात्री-बेरात्री नाही, मंगळवारी भर दुपारी तीन वाजता. हसायचं असेल तर खुशाल हसा.

वहिनी एका संशोधन संस्थेत कॉम्प्युटर सांभाळते. तळघरात बिनखिडक्यांची खोली, तिथे एकमेकांना जोडलेली चाळीस मशीनं. मोठमोठी गणितं सगळी मिळून वाटून करतात. ही मशीनं आता ग्रिडला जोडायची होती. म्हणजे ठिकठिकाणच्या संस्थांनी आपली मशीनं एकत्र करायची आणि कुणाचंही काम कुठेही चालवायचं.

शुक्रवारपर्यंत जोडणी झाली तर वहिनीची नोकरी कायम. नाहीतर हातात नारळ.

ग्रिडचा नियम साफ होता. प्रत्येक मशीन आधी कोरं करायचं. आधी ते सांभाळणाऱ्या ऑपरेटरचं त्यात काही म्हणजे काही ठेवायचं नाही.

वहिनीने एकोणचाळीस कोरी केली. तेविसावं तेवढं ठेवलं.

ते जुन्या ऑपरेटरच्या हातचं होतं आणि बिनबोभाट चालायचं. तिने त्याचीच नक्कल बाकी सगळ्यांवर उतरवली. आठ दिवसांचं काम एका दुपारीत उरकलं. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

तीन वाजता शेवटची नक्कल उतरली.

आणि पंखे थांबले...

चाळीसही मशीनचे. दिवे सगळे चालू, पण आवाज शून्य. त्या खोलीत इतकी शांतता वहिनीने कधी ऐकली नव्हती.

मग कुणीतरी खाकरलं...

घशात कफ अडकलेला म्हातारा खाकरतो ना, तसं. चाळीस ठिकाणांहून, एकदम.

पंखे पुन्हा सुरू झाले. गरम हवेबरोबर वास आला. गोडसर, कुजका.

वहिनीने पहिल्या मशीनचा हवेचा फिल्टर बाहेर ओढला. सकाळीच पाकीट फोडून बसवलेला, कोरा करकरीत. त्यावर पिवळट, चिकट थर होता. थरात केस होते. पांढरे, तेल लावलेले...

बोट लागलं. थर कोमट होता.

ती बाहेर धावली. बेसिनपाशी ओकली, तोंड धुतलं, दुसरा फिल्टर काढला. तेच. तिसरा. तेच. चाळीसही तसेच.

ती वर गेली तर शिपाईकाका जिन्यातच भेटले. तिचा चेहरा बघून काकांनाच खरं काय ते सांगावं लागलं. जुना ऑपरेटर त्याच खोलीत, खुर्चीवर बसल्या बसल्या वारला होता. लागून सुट्ट्या होत्या. पाचव्या दिवशी कुणीतरी दार उघडलं. तोवर खोलीतली हवा मशीनं ओढतच होती.

"आधी नाही का सांगायचं, काका?"

"तुम्ही सगळं कोरं करणार होतात ना, मॅडम? म्हटलं, कशाला उगाच."

घरी दादा जेवताना ताटावरून उठला. म्हणाला, "अगं, केस धू आधी. काय घेऊन आलीस डोक्यात?"

तीनदा धुतले. वास हलला नाही.

बुधवारी तिने सगळे फिल्टर पुसले. गुरुवारी पुन्हा तेच, आणि थरात एक नख...

सगळं कोरं करून पुन्हा नव्याने उभं करायचं तर आठ दिवस हवे होते. हातात एक होता. शुक्रवारी संचालकबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "झालं ना सगळं कोरं करून?"

"हो," वहिनी म्हणाली, आणि जोडणीचं बटण दाबलं.

नोकरी कायम झाली.

सोमवारी फोन आला. ग्रिडमधल्या दुसऱ्या एका संस्थेतली ऑपरेटर होती, आवाजावरून कोवळी पोरगी.

"मॅडम, तुमची मशीनं जोडल्यापासून आमच्या फिल्टरवर काहीतरी चिकट येतंय. केससुद्धा आहेत. तुमच्याकडे असं काही..."

"नाही हो. आमच्याकडे काहीच नाही."

"मग आमचंच काहीतरी असणार. सॉरी हं, उगाच त्रास दिला. मी रोज हातानेच खरवडून काढते."

वहिनीने फोन ठेवला. हे तिने फक्त मला सांगितलंय, दादालाही नाही. खोलीत काय आहे ते मला कळलेलं नाही, कळूनही घ्यायचं नाही. पण शिसारी येते ती त्या थराची कमी आणि वहिनीची जास्त. मग आठवतं, की त्या पोरीचा नंबर वहिनीच्या फोनमधून मीही उतरवून घेतलाय. सहा महिने झाले. मीसुद्धा तिला फोन केलेला नाही.