गुबगुबीत मुनियांचं गूढ

"हे मांजर फारच सभ्य दिसतंय," काडी म्हणाली. "पक्षी मारतं, पण एक पीस विस्कटत नाही."

सुट्टीत काकांकडे आलेली दादा, काडी आणि चिंगी ही भावंडं बागेतल्या पक्षीघरात उभी होती. काका या पक्षीघराचे प्रमुख. थंडी पडल्यापासून रोज सकाळी एखादी मुनिया खाली मरून पडलेली असे. काकांचा संशय मांजरावर होता, म्हणून त्यांनी सापळा लावला होता. त्यात आजवर फक्त काकांचा अंगठा सापडला होता.

आज पडलेल्या मुनियेत मात्र अजून धुगधुगी होती. दादाने तिला अलगद ओंजळीत घेतलं. दिसायला गोल गरगरीत, पण पिसांखाली बोटांना नुसतं छातीचं हाड लागलं.

"काका, ही उपाशी आहे."

काकांना हसू आलं. चांगल्या गुबगुबीत तर आहेत सगळ्या! डॉक्टरांनी रात्रीचं जेवण सोडायला लावल्यापासून काकांना फार हलकं वाटत होतं. म्हणून त्यांनी पक्ष्यांचाही संध्याकाळचा दाणा बंद केला होता. पक्ष्यांना कुणी विचारलं नव्हतं.

दादाने समजावलं, की थंडीत पक्षी पिसं फुलवून ऊब धरून ठेवतात. दिवसा खाऊन साठवलेली चरबी रात्रभर कुडकुडत जाळतात, तेव्हा कुठे अंग गरम राहतं.

"म्हणजे पोटात शेगडी," चिंगी म्हणाली. "आणि काकांनी कोळसाच बंद केला."

काकांनी पुस्तकी ज्ञानावर एक छोटं भाषण दिलं, पण दाणा काही सुरू केला नाही. आज रात्री तर कडाक्याची थंडी पडणार होती.

दुपारी काकांच्या टेबलासमोर कानटोपी आणि मफलरमधून फक्त डोळे दिसणारी एक भलीमोठी मुलगी येऊन उभी राहिली.

"बाळ, रात्रीचं जेवण कमी कर हो," काका मायेने म्हणाले.

मुलीने काकूचा कोट काढला. मग शाल, मग स्वेटर, मग आणखी स्वेटर. शेवटी उरली काडी.

"आता काय कमी करू, काका?"

काकांनी कपड्यांच्या ढिगाकडे पाहिलं, मग काडीच्या काटकुळ्या हातांकडे. मग उठले आणि दाण्याचं पोतं स्वतः ओढत पक्षीघरात घेऊन गेले. आजारी मुनियेला काकूने खोक्यात घालून स्वयंपाकघरात उबेला ठेवलं.

सकाळी गवतावर दहिवर गोठलं होतं. पक्षीघरात एकही मुनिया खाली पडलेली नव्हती. काकांनी खोक्यात बोट घातलं, तर आतून एक सणसणीत चोच बसली.

काकांनी बागेच्या माळीबुवांना हाक मारून ते बोट दाखवलं. "इतके दिवस मी डोळ्यांनी बघत होतो," ते म्हणाले. "या पोरांनी हात लावून बघितलं."