जनीची ओळ

मी हट्टी आहे, हे आधीच सांगून टाकते. पनवेलला आमच्या विभागात बसून मी लाइव्ह व्हिडिओंवरचे दोनशे शोधनिबंध वाचून काढले. आधी सगळे संशोधक गेम खेळणाऱ्यांच्या मागे होते, मग साड्या विकणाऱ्यांच्या, हल्ली एकट्या माणसांच्या. एक गोष्ट मात्र सगळ्यांनी धरूनच चाललेली: समोरचा बोलतो, मग प्रेक्षक कमेंट टाकतो.

माझ्या पीएचडीसाठी मी उरण नाक्यावरच्या गुणाबाईचे लाइव्ह घेतले. ती सुकी मासळी विकते, मागे न्हावा शेव्याला जाणाऱ्या ट्रेलरचे हॉर्न. तीन वर्षांची रेकॉर्डिंग, प्रत्येक कमेंटची वेळ सेकंदासकट तक्त्यात मांडली, खात्यागणिक एक ओळ. त्या तक्त्यात एकच ओळ वाकडी आली. जनी नावाच्या खात्याची. ‘बोंबील ओले हायत,’ असं तिनं लिहिलं होतं, आणि गुणाबाईनं टोपलीवरचं फडकं काढलं त्यानंतर चार सेकंदांनी.

घड्याळ चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजलं. पहिल्या वर्षी चार सेकंद आधी. दुसऱ्या वर्षी तासभर. यंदा पुरता एक दिवस. आदल्या दिवशी लाइव्हची लिंक पडते, तिच्याखाली.

“मावशी, ही जनी कोण हो?”

“गिऱ्हाईक हाय. बोलू दे की, तुजं काय जातंय?” गुणाबाईनं टोपलीतून मान वर काढली नाही.

माझे मार्गदर्शक धर्मराज सर. त्यांनी लाल पेनानं ती ओळ खोडली. “ही ठेवलीस, तर प्रबंधावर माझी सही नाही, ऋचा.”

“दोनशे जणांनी मोजलं नाही म्हणून माझं मोजलेलं खोटं का, सर?”

तीन वर्षं घातली होती मी. अशी कशी खोडू?

आमचा परिसंवाद दोन दिवसांचा, लाइव्ह. पहिल्या दिवशी मी, दुसऱ्या दिवशी सर. आदल्या दिवशी माझ्या लिंकखाली जनी आली: ‘सरांनी माइक बंद केलान. पोरी, मोठ्यान बोल.’

अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू? पण सकाळी मिठाच्या गुळण्या केल्या आणि गेले.

जनीच्या ओळीवर आले, तशी सरांनी माइकचं बटण दाबलं.

मी मोठ्यानं बोलले. “ही ओळ मी काढणार नाही!” मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. टाळ्याही पडल्या.

चहाच्या वेळी मी सरांपुढे फोन धरला. “कमेंटची वेळ बघा, सर. कालची आहे.”

त्यांनी वाचलं. बोट खाली सरकवलं. खाली उद्याची लिंक होती, त्यांच्या भाषणाची. तिथं जनीची नुकतीच आलेली ओळ होती.

‘सरांचा फोटो बेस निवडलाव. हार कोनी आनला?’

सरांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. चहावर साय धरली होती.

मग खिशातलं लाल पेन काढून त्यांनी माझ्या हातात दिलं.

“ऋचा,” ते हळूच म्हणाले, “तुझ्या मोजण्यात चूक असेल ना गं?”