तारप्याला पाठ

सासऱ्यांची वाचा परत यावी म्हणून वर्षाने घरातल्या भिंतीवर कविता काढायला घेतली. काळोखात निघालेल्या, हाक आली तरी मागे न वळणाऱ्या वाटसरूंची ती जुनी कविता. सासरे, वाळूबाबा, ती आश्रमशाळेत शिकले होते आणि उभ्या जामसर गावाला ऐकवून त्यांनी भंडावून सोडलं होतं. पावसाच्या तोंडावर त्यांना लकवा मारला आणि तोंडातून शब्द फुटेना. चित्र पाहून तरी ओळी आठवतील, अशी तिची वेडी आशा.

भरदुपारी बाहेर धुकं इतकं दाट, की अंगणातला आंबा दिसेना. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठीने तिने भोपळ्याचा तारपा फुंकणारा तारपेवाला काढला, मग त्याच्याभोवतीचा नाच सोडून डोंगराकडे निघालेली माणसं. हात झकास चालला होता.

सासू फागी चुलीपासून उठून आली आणि थबकली.

"तारप्याला पाठ केली यांनी..."

"कवितेत तसंच आहे, आई."

"कवी कधी नाचला नसंल. नाचात तारप्याला पाठ केली, तो माणूस रानात चुकतो."

सासवांना सुनेच्या कामात खोट काढायला निमित्तच हवं असतं, असं मनात म्हणत वर्षा वळली. बाबांची बाज रिकामी होती. ज्यांना धरून उठवावं लागे, ते गेले कुठे?

दोघींनी अंगणात हाका मारल्या. धुक्यात हाक पुढे जाईचना. पलीकडे दरी होती, आणि दरीत ओढ्याचं पाणी.

"आत चल," फागी हळूच म्हणाली. "समदी फिरव..."

वर्षाने ओली माणसं तळहाताने पुसली आणि एकेक तारप्याकडे तोंड करून काढली. शेवटचं माणूस वळलं, आणि बाहेर दूर कुठेतरी तारपा घुमला. भात अजून शेतात हिरवं असताना, कापणीआधीच, तारपा कोण वाजवणार?

सूर थांबला तेव्हा बाबा दारात उभे होते, गुडघ्यापर्यंत चिखलात.

"पोश्यानं आणला मना," ते स्पष्ट म्हणाले.

फागीने पदर तोंडाला लावला. तारपेवाला पोश्या, बाबांबरोबर शाळेत हीच कविता शिकलेला, गेल्या होळीआधीच वारला होता.

पण वाचा आली होती. वर्षाला रडू आवरेना. फागीने नवऱ्याचे पाय धुतले, चहा झाला, आणि घर इतकं हलकं झालं की भ्यायचं कुणाला सुचलंच नाही. बाबा भिंतीकडे पाहत कविता म्हणू लागले. एका ओळीवर त्यांना ठसका लागला, ते थांबले.

ओळ ओसरीवरून कुणीतरी पुरी केली.