खिरीची वाटी

"बाई, माझ्या फ्रिजमध्ये सोडा ठेवतात. औषधं नाही."

कात्रपच्या नाक्यावरचा थंड पेयांचा दुकानदार पहिल्यांदा मला हेच बोलला. मीही ऐकून घेणारी नव्हते. "इन्सुलिन आहे. माझ्या पोरीच्या अंगात बनत नाही. उन्हात खराब होतं. रोग लागेल म्हणून शेजारणीने फ्रिज बंद केला मला. ठेवता की जाऊ?"

"ठेवतो," तो हसला. "पण न्यायला तुम्हीच यायचं हं… रोज."

सुदाम त्याचं नाव. मी दिवसभर कॅम्प तीनच्या कारखान्यात जीन्स शिवायचे. नवरा "तुझ्याच रक्तातलं दुखणं" म्हणून केव्हाच पळालेला. प्रेमबिम करायला अंगात जीव कुठे होता? पण बाटली घेताना त्याची गार बोटं लागायची, आणि मी उगाच विचारायचे—

"थंड आहे ना?"

"कोण? मी?"

"मेल्या, औषध!"

एकदा दमून त्याच्या रिकाम्या क्रेटवर बसले आणि सगळं बोलून टाकलं. साखर चढते तशी उतरतेही, उतरली की पोर घामाघूम होऊन कापते, तेव्हा गोडच द्यावं लागतं… तो बाटल्या फोडून देत होता. वाटलं, याचं लक्ष गिऱ्हाइकात.

बुद्धपौर्णिमेला विहारात भाषणं संपेचनात. माझी पोर मित्रा, तिला सकाळची सुई टोचलेली, जेवण मात्र लांबत चाललेलं. मी मागे पुऱ्या लाटत होते. ओरडा ऐकून धावले. पोर लटलट कापत होती, आणि आमच्या आळीतली बनूबाई खिरीचं पातेलं झाकून उभी! "साखरेचा रोग आहे तिला! मारायचीय का?"

माझेच शब्द. "हिला गोड देऊ नका" असं मीच सगळ्या आळीला पढवलेलं.

"बाजूला व्हा, मावशी!" गर्दीतून घुसलेल्या सुदामने पातेल्यात वाटी बुडवली, मित्राच्या ओठांना लावली. "घोट घे राणी… हळू."

जरा वेळाने तिची नजर ठिकाणावर आली. "आई, अजून?"

मी तिथेच फरशीवर बसले. "तुला कसं कळलं रे?"

"तूच सांगितलंस. क्रेटवर बसून."

कारल्याचा रस पाजा, अंगारा लावा— वर्षानुवर्षं लोक मला सांगतच आले. माझं ऐकलं कुणीच नव्हतं.

"सुदाम, ही बरी होणार नाही. कधीच."

"माहितीय."

"जन्मभर सुई."

"मग मला शिकव टोचायला." तो खाली बघत बोलला. "एखाद्या सकाळी… तू झोपून राहा."

प्रेमाचं बोलला असता तर हाकलला असता मी त्याला. मेला झोपेचं बोलला… आणि मी हो म्हणाले.