वंशवहीतलं गाळलेलं नाव

आम्ही राव. राजपुतांच्या वंशवह्या लिहायच्या आणि त्यांच्याच पुढ्यात बसून वाचायच्या, हा आमचा पिढीजात धंदा. घरात मुलगा जन्मला की आम्हाला बोलावणं येतं. त्या वैशाखात भाणसरच्या गढीतून आलं. ठाकूर सगतसिंहांना नातू झाला होता.

लाल कापडात बांधलेली वही घेऊन मी सकाळीच पोचलो. ताक प्यायलो, हातपाय धुतले, तोवर ठाकूरसाहेबांनी मला बाजूला घेतलं.

"रावजी, आज सुनेच्या माहेरची माणसं बसलीत. पाचव्या पिढीतलं ते एक नाव... आज नको."

"कुठलं, हुकम?" मला ठाऊक होतं, तरी विचारलं.

"अभयसिंहाचं. नाव घेतलं की लोक गोष्ट विचारतात. मंगल दिवस आहे."

गोष्ट वहीत चारच ओळींची आहे. ठाकूर हाथीसिंह लढाईत पडले. त्यांचा दीड महिन्याचा मुलगा अभयसिंह गादीवर बसला. धाकटे चुलते केसरीसिंह यांनी त्याला उशीखाली गुदमरवलं आणि गढी घेतली. पोराची आई सोनगरीजी बैठकीवरच्या सज्ज्यात स्वतःला कोंडून घेऊन मेली, तेव्हा तो सज्जा विटांनी बुजवला. सगतसिंह त्याच केसरीसिंहांचे वंशज.

माझे वडील म्हणायचे, "वाचताना श्वास गाळ, पण नाव गाळू नकोस." पण ज्यांच्या विहिरीच्या पाण्यावर आमच्या सात पिढ्या वाढल्या, त्यांना नाही कसं म्हणायचं? मी मान डोलावली.

दुपारी बैठक बसली. बाहेर लूच्या झळा वाहत होत्या, म्हणून दारं-खिडक्या लावून घेतलेल्या. आत अंधारलेलं, ओल्या वाळ्याचा वास भरलेला. पुरुष गादीवर, बायका चिकाच्या विरळ पडद्यामागे. मी मूळपुरुषापासून सुरुवात केली. प्रत्येक नावाला सगळे मान तुकवून "हुकम" म्हणत होते.

"...त्यांचे पुत्र हाथीसिंह."

"हुकम."

मी एक ओळ सोडली. "हाथीसिंहांमागे, त्यांचे धाकटे बंधू केसरीसिंह..."

"आणि माझा अभय?"

बाईचा आवाज. हळू, अगदी समजूतदार. बायकांपैकी कुणी चुकून बोललं असेल, असं मला वाटलं. पण पडद्याआड सगळ्या एकमेकींकडे पाहत होत्या. आवाज वरून आला होता. वर पाहिलं, तर चुना दिलेली सपाट भिंत. सज्जा होता तीच.

ठाकूरसाहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. "वाचा, रावजी," ते दबक्या आवाजात म्हणाले. "थांबू नका."

त्या क्षणी तीन अक्षरं उच्चारली असती तरी पुरे होतं. मी नाही उच्चारली. पुढचं नाव घेतलं, त्याच्या पुढचं घेतलं. "हुकम" म्हणणारे आवाज कमी कमी होत गेले.

शेवटी बाळाला आणलं. मी बोरू शाईत बुडवला आणि लिहिलं : ठाकूर सगतसिंहांचे कुंवर जोगसिंह, त्यांचे पुत्र रिडमलसिंह.

तेव्हा वरून पुन्हा ऐकू आलं. राग नव्हता. जडशी पिशवी खाली ठेवताना माणूस सुस्कारा टाकतो ना, तसं काहीतरी.

"बरं... मग राहू दे."

त्यानंतर काहीच झालं नाही. लापशी वाढली, व्याही जेवून गेले, मीही घरी परतलो.

नवव्या दिवशी गढीची जीप माझ्या दारात उभी राहिली. आत ठाकूरसाहेब स्वतः. नऊ दिवसांत म्हातारे झालेले.

"चला," एवढंच म्हणाले.

बाळाची आई चंद्रकंवर खाटेवर बसली होती. डोक्यावरचा पदर घसरला होता, पण सासऱ्यांसमोर तो सावरायचं तिला भान नव्हतं.

"रावजी, हा माझं दूध घेत नाही," ती म्हणाली. "तुम्ही गेलात त्या संध्याकाळपासून. अंगाशी धरलं की तोंड फिरवतो. बाटली नाही, चमचा नाही... थेंब नाही."

"डॉक्टर?"

"येऊन गेले." ती हसली. ते हसू बघवत नव्हतं. "वजन केलं. म्हणाले, बाईसा, उगाच घाबरता. नऊ दिवसांत पाऊण किलो वाढलाय."

मी तिथेच जमिनीवर वही उघडली आणि मोठ्यांदा वाचलं : "ठाकूर हाथीसिंह, त्यांचे पुत्र अभयसिंह, माता सोनगरीजी." तीनदा वाचलं. ठाकूरसाहेबांनी पगडी काढून सज्ज्याच्या बाजूच्या भिंतीपुढे ठेवली. "चूक झाली, माँसा," म्हणत म्हातारा लहान मुलासारखा रडला.

मी वही मिटली.

"आता घेऊन बघ, बेटा," मी म्हणालो.

चंद्रकंवरनं पाळण्यावरची ओढणी बाजूला केली. आम्ही तिघंही वाकलो. बाळ जागं होतं. गुटगुटीत, गालावर तजेला. आमच्याकडे पाहत नव्हतं. आमच्या खांद्यांवरून, मागे कुणाकडे तरी पाहून ते तृप्त हसलं आणि त्यानं ढेकर दिली.

त्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून ताज्या दुधाचा एक ओघळ हनुवटीवर उतरत होता.