न उमटलेला प्रतिध्वनी

शोधनौकेच्या पडद्यावर समुद्राचा तळ स्वच्छ उमटला होता. खडक, गाळ, कुणाचा तरी तुटलेला नांगरसुद्धा. दिसत नव्हती ती फक्त ‘काजळी’, संशोधन केंद्राची छोटी पाणबुडी. आतल्या तिघांना जेमतेम तीन तास पुरेल एवढी हवा उरली होती. वीज गेल्यामुळे त्यांना हाकही देता येत नव्हती.

“ध्वनिलहरींनी ती सापडणार नाही,” डॉ. मृदुला पेडणेकर म्हणाल्या. “मीच तशी बनवलीय तिला.”

“म्हणजे?” कॅप्टन सलढाणांनी विचारलं.

“मेघालयात नखाएवढे काळपट पतंग सापडतात. वटवाघूळ आवाज सोडतं आणि प्रतिध्वनीवरून भक्ष्य हेरतं. या पतंगांच्या पंखांवरचे खवले तो आवाजच गिळून टाकतात. तसाच ध्वनिशोषक लेप निशिकांतनं आणि मी काजळीवर चढवला.”

निशिकांत त्या तिघांपैकी एक होता.

बाई पडद्याकडे बघत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, “कॅप्टन, ती जिथं पडलीय तिथला तळही दिसणार नाही! पाणबुडी शोधू नका. भोक शोधा.”

“नव्वद चौरस मैलांत? एका नौकेनं?”

“मच्छीमारांच्या बोटींवर मासे शोधायचं यंत्र असतं, तेही प्रतिध्वनीवरच चालतं. त्यांना वायरलेसवर सांगू या.”

“डॉक्टर, ती कशी शोधायची हे गुपित सगळा समुद्र ऐकेल. तुमचं नऊ वर्षांचं काम पाण्यात जाईल.”

मृदुलाबाईंनी माइक उचलला. त्यांनी तीनदा स्पष्ट सांगितलं: तळात कुठं भोक दिसलं तर कळवा.

दहा मिनिटं नुसती खरखर. मग एका मासेमारी बोटीच्या तांडेलाचा, भिवा कुबलचा आवाज आला.

“बाय, तां भोक होय? माझ्या मशिनीत मगासपासून दिसता हा. हलाक नाय.”

त्यानं जागा सांगितली. नौकेवरच्या गोताखोरांनी खाली उतरून दोर अडकवले आणि काजळी वर आली. निशिकांतचे ओठ निळे पडले होते, पण तो श्वास घेत होता. बाईंना रडू आवरेना.

जरा वेळानं त्यांनी वायरलेसवर भिवाचे आभार मानले. “तुम्हाला इतक्या लवकर कसं ओळखता आलं?”

“त्यात नवा काय? आमी बघतंव नेहमी. आधी वाटला मशीन बिघाडली. गेल्या वर्सा तर दोन-दोन दिसत होती. चालणारी.”

कॅप्टननी वळून बाईंकडे पाहिलं. “गेल्या वर्षी?”

“काजळी पहिल्यांदा पाण्यात उतरली,” बाई सावकाश म्हणाल्या, “ती या सोमवारी.”